लॅबच्या परीक्षेची उजळणी घरी कशी घ्यावी

आपल्या वस्त्यांतून आता बरीच मुले-मुली डीएमएलटीला जाऊ लागली आहेत. बारावी सायन्स झाले, मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला, मग लॅबचा रस्ता. धर्माबादहून सकाळच्या गाडीने नांदेड, संध्याकाळच्या गाडीने परत. परीक्षा जवळ आली की यातली काही जण विहारात येऊन बसतात, कारण घरात खोली एक आणि त्या खोलीत टीव्ही.

गेल्या वर्षावासात अशीच एक मुलगी विहाराच्या ओट्यावर बसून घोकत होती: जांभळी ईडीटीए, राखाडी फ्लोराइड, निळी सायट्रेट. तिची आई मिरची निवडायच्या कामावरून परतताना तिला घ्यायला आली. आईचे शिक्षण चौथीपर्यंत. तिने वही हातात घेतली, रंगांची नावे वाचली आणि विचारले, ‘‘साखरेला राखाडीच काहून? जांभळीत घेतलं तर काय बिघडतंय?’’ मुलगी गप्प झाली. रंग तोंडपाठ होते, कारण माहीत नव्हते.

डीएमएलटीची लेखी परीक्षा पाठांतरावर निघून जाते. प्रात्यक्षिकाच्या वेळी बाहेरून आलेले परीक्षक नळी हातात धरून नेमका त्या आईचाच प्रश्न विचारतात. पुढे जिल्हा परिषदेच्या आणि आरोग्य विभागाच्या भरतीत पर्यायी प्रश्न येतात, तेही आता सरळ न विचारता वळवून विचारलेले असतात. म्हणून या वेळी हे पान आम्ही मुलांसाठी न लिहिता त्यांच्या आईवडिलांसाठी आणि मोठ्या भावंडांसाठी लिहीत आहोत. खालचे प्रश्न विचारा, उत्तर मराठीत मागा. पेपर इंग्रजीत असला तरी ज्याला मराठीत समजावून सांगता येते त्याला इंग्रजीत लिहिता येते. उलटे होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

उजळणीआधी एक चौकशी करून ठेवा. ज्या अभ्यासक्रमाला पैसे भरले त्यावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का, हे लेखी विचारून घ्या. बोर्ड मोठा आणि फी भरमसाट असूनही नोंदणीला न चालणारे प्रमाणपत्र हाती पडलेली मुले आम्ही पाहिली आहेत. मान्यताप्राप्त ठिकाणी प्रवेश असेल तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. मान्यता नसेल तर तो दरवाजाही बंद होतो.

आता त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर. रक्त अंगातून बाहेर आले तरी त्यातल्या पेशी मरत नाहीत, त्या साखर खातच राहतात. साध्या नळीत, उन्हाळ्यासारख्या हवेत, तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होते. समजा एका बाईची उपाशीपोटीची साखर १३० आहे. १२६ आणि त्याच्या वर म्हणजे मधुमेहाची रेषा ओलांडली. ते रक्त धर्माबादेत सकाळी सातला घेतले, तसेच ठेवले, आणि नांदेडला किंवा निजामाबादला पोचून दहा वाजता तपासले तर आकडा ११०च्या आत दाखवू शकतो. मशीन बरोबर, टेक्निशियन बरोबर, आणि बाई ‘साखर नाही’ म्हणून घरी. राखाडी नळीत सोडियम फ्लोराइड असते. पेशी ज्या एन्झाइमच्या मदतीने साखर खातात त्यातल्या इनोलेजला ते थांबवते. सोबतचे पोटॅशियम ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही. जांभळीतले ईडीटीए रक्तातले कॅल्शियम पकडून ठेवते, त्यामुळे रक्त गोठत नाही, पण पेशींचे खाणे चालूच राहते. आईच्या ‘काय बिघडतंय’चे उत्तर हे.

इथेच थांबू नका. ‘‘मग आधी कोणती नळी भरायची?’’ असे विचारा. रक्ताच्या कल्चरची बाटली पहिली, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी राखाडी. हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. त्याचे कारण मात्र सुईच्या टोकाशी आहे. जांभळ्या नळीतले ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते. त्याचा अंश पुढच्या लाल नळीत गेला की पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे घटते. काही जण जांभळीत जास्त झालेले रक्त लाल नळीत ओततात; तसे केले तर पोटॅशियमचा आकडा इतका वर जातो की डॉक्टरला वाटावे, पेशंटचे हृदय आता बंद पडणार. निळ्या नळीचे वेगळेच नखरे. तिच्यात एक भाग सायट्रेट आणि नऊ भाग रक्त हेच प्रमाण लागते. अर्धी भरलेली निळी नळी पाठवली तर रक्त गोठायला उशीर लागतो असा खोटा रिपोर्ट येतो, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या माणसाचा डोस त्या आकड्यावर बदलला जातो.

दंडाला बांधायचा पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही आणि पेशंटला मूठ सारखी उघड-मीट करायला लावायची नाही. दोन्हींनी पोटॅशियम वाढते. सुई घुसवून रक्त जोरात ओढले तर लाल पेशी फुटतात आणि मग पोटॅशियम, एलडीएच, एएसटी सगळेच वाढलेले दिसतात. परीक्षक याला हिमोलिसिस म्हणतात. घरी विचारताना ‘‘सीरम लाल का दिसतंय?’’ एवढे पुरे.

आणि नाव. ‘‘तुम्हीच का अमुकतमुक?’’ असे विचारले की आपली म्हातारी माणसे घाईत ‘हो’ म्हणून मोकळी होतात. नाव त्यांच्याकडून वदवून घ्यायचे, सोबत वय किंवा जन्मतारीख, आणि नळीवर ते पेशंटसमोरच लिहायचे. आपल्या भागात एकेका गल्लीत सोनकांबळे आडनावाच्या, एकाच नावाच्या दोघीतिघी सापडतात. रक्तगटाच्या नळीवर नाव चुकले तर त्याची किंमत रक्त चढवताना मोजावी लागते.

रक्तगटाचा प्रश्न प्रत्येक परीक्षेत असतो. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली ए, बी आणि ओ हे गट दाखवून दिले आणि १९३० साली त्यांना नोबेल मिळाले, इथपर्यंत मुले न चुकता सांगतात. पुढचा प्रश्न असा टाका: ‘‘अँटी-ए आणि अँटी-बी टाकून गाठी दिसल्या नाहीत म्हणजे गट ओ. मग पेशंटचे सीरम घेऊन उलटी तपासणी कशाला?’’ पहिल्या तपासणीत पेशींवर काय आहे ते कळते, उलट्या तपासणीत सीरममध्ये काय आहे ते. दोन्ही जुळले तरच गट लिहायचा. उलट्या तपासणीत ए आणि बी पेशींबरोबर ओ पेशीही ठेवतात, याचे कारण मुंबईत आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक वेगळाच गट सापडल्याचे प्रसिद्ध केले. या माणसांच्या पेशींवर ए नाही, बी नाही, आणि ओ गटाच्या पेशींवर जो एच पदार्थ असतो तोही नाही. सरळ तपासणीत ते ओ दिसतात, पण त्यांच्या सीरममुळे ओ पेशींच्याही गाठी होतात. त्यांना ओ रक्त चढवले तर जीव जाऊ शकतो. जगभर याला बॉम्बे गटच म्हणतात. आपल्याच राज्यात लागलेला शोध, त्यावरचा प्रश्न तरी आपल्या मुलांनी चुकवू नये.

हिमोग्लोबिनचे आकडे घरातल्या बायकांनाही पाठ हवेत. पुरुषाला १३, बाईला १२ आणि गरोदर बाईला ११ ग्रॅम, त्याखाली गेले की रक्तक्षय. परीक्षेत अजून साहलीची पद्धत विचारतात. वीस मायक्रोलिटर रक्त पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात घालून दहा मिनिटे थांबायचे, मग रंग जुळवायचा. दहा मिनिटे का? हिमोग्लोबिनचे ॲसिड हिमॅटिन होऊन रंग पूर्ण यायला तेवढा वेळ लागतो. घाई केली तर आकडा कमी येतो. मशीनच्या रिपोर्टवर एक सोपी ताळा-पडताळणी आहे. लाल पेशींच्या आकड्याची तिप्पट साधारण हिमोग्लोबिन, हिमोग्लोबिनची तिप्पट साधारण हिमॅटोक्रिट. पेशी नेहमीच्या आकाराच्या असताना हे जुळले नाही तर मशीनकडे किंवा नमुन्याकडे संशयाने पाहायचे. मात्र लोह कमी असलेल्या माणसात पेशीच लहान असतात, तिथे हा नियम चालत नाही, आणि परीक्षक नेमके तेच विचारतात.

डेंग्यूच्या दिवसांत वस्तीत प्लेटलेटचा धसका असतो. निरोगी माणसात दीड ते साडेचार लाख. मशीनने चाळीस हजार म्हटले की गाडी करून नांदेडला पळापळ. प्रत्येक वेळी आकडा खोटा असतो असे आम्ही म्हणत नाही. डेंग्यूत तो खरोखर उतरतो आणि तेव्हा दवाखाना गाठायलाच हवा. पण काही माणसांच्या रक्तात ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. मशीन गठ्ठा मोजत नाही. चांगला टेक्निशियन अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली पाहतो. गठ्ठे दिसले तर सायट्रेटच्या नळीत रक्त पुन्हा घेतो. ‘‘आकडा कमी आला तर पहिल्यांदा काय करशील?’’ असे मुलाला विचारा. ‘डॉक्टरला फोन’ हे उत्तर आले तर निम्मे गुण द्या. फोन तर करायचाच, पण काचपट्टीही लगेच पाहायची.

सिकलसेलवर आम्ही मुद्दाम जास्त थांबतो. विदर्भात आदिवासी समाजाबरोबर आपल्या समाजातही हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपल्याकडे किनवट-माहूरचा पट्टा यवतमाळला लागून, आणि आपल्या सोयरिकी तर तिकडेही होतात. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी ठरली आहे, म्हणजे नोकरीला लागलेल्या टेक्निशियनच्या हातून या नळ्या जाणारच.

तपासणीची पहिली पायरी सोल्युबिलिटी टेस्ट. रक्ताचा थेंब सोडियम डायथायोनाइटच्या द्रावणात टाकतात. त्यातला ऑक्सिजन निघून जातो, सिकलचे हिमोग्लोबिन विरघळत नाही, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कार्डावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. आता घरच्यांनी विचारायचा प्रश्न: ‘‘रेघा दिसल्या नाहीत, म्हणजे पोराला आजार आहे का?’’ बरोबर उत्तर आहे, ‘अजून सांगता येत नाही.’ ही टेस्ट वाहक आणि आजारी यांतला फरक करत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागते. वाहकाच्या रक्तात साधे हिमोग्लोबिन जास्त आणि सिकलचे कमी असते. आजारी माणसात साधे जवळपास नसतेच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ही पहिली टेस्ट भरवशाची नाही, कारण त्याच्या अंगात अजून गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते. नुकतेच रक्त चढवलेल्यात आणि हिमोग्लोबिन फार खाली असलेल्यातही ती फसवू शकते.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. ‘पहिले आजारी झाले, आता पुढची तिघे चांगली होतील’ हा हिशेब आम्ही अनेक ठिकाणी ऐकला आहे आणि तो चूक आहे. दर वेळी फासा नव्याने पडतो. वाहक माणूस आजारी नसतो. सोयरीक जुळवताना एकट्या मुलीचा रिपोर्ट मागणारे लोकही आम्ही पाहिले. आजार व्हायला दोन्हीकडून जीन यावा लागतो, तेव्हा मुलाचाही रिपोर्ट मागा.

या ठिकाणी घरच्यांनी न विचारायचा एक प्रश्न सांगतो. मुलगी लॅबमध्ये लागली की शेजारच्या बाया हळूच विचारतात, ‘अमक्याच्या रिपोर्टमध्ये काय आलं गं?’ आईनेही विचारू नये. टेक्निशियनने रिपोर्टची वाच्यता करायची नसते, आणि एचआयव्हीबाबत तर २०१७चा कायदाच आहे. आपलीच मुलगी तालुक्याच्या लॅबमध्ये आहे म्हणून आपलाच माणूस तपासायला जायचा टाळतो, असे होता कामा नये.

साखरेचा एक प्रश्न सिकलसेलशी जोडलेला आहे आणि तो हुशार मुलांनाही चकवतो. तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्ट, एचबीएवनसी, ६.५ किंवा वर गेली की मधुमेह. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्या दिवसांत तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते, त्यावर ही टेस्ट उभी आहे. सिकलच्या आजारात पेशी लवकर मरतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. मधुमेहाने बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत किती छळले हे आपल्या घराघरात माहीत आहे. आपल्याच घरातला मधुमेह चुकीच्या टेस्टमुळे दडून राहू नये.

मलेरिया आणि टीबी यांची उजळणी लवकर होते. जाड थर जंतू आहेत का ते शोधायला, पातळ थर कोणत्या जातीचे आहेत ते ओळखायला. व्हायव्हॅक्समध्ये लाल पेशी फुगते, फॅल्सिपॅरममध्ये केळीसारखे गॅमेटोसाइट दिसतात. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादला. आपल्या स्टेशनातून गाडी जाते तेच सिकंदराबाद. टीबीत झील-नेल्सन रंगात जंतू निळ्या पार्श्वभूमीवर लाल दिसतो, कारण त्याच्या मेणासारख्या आवरणात शिरलेला रंग आम्लानेही सुटत नाही. नमुना मात्र खोल खोकून काढलेला बेडका हवा. थुंकी दिली तर सर्वांत महाग मशीनही ‘नाही’ म्हणेल.

शेवटचा मोठा विषय क्वालिटी कंट्रोल. मुले याला घाबरतात, आणि धर्माबादच्या मिरची बाजारात हमाली केलेल्या बापाला तो दोन मिनिटांत कळतो. एक काटा दर वेळी दोनशे ग्रॅम जास्तच दाखवतो. त्याचे बोलणे एकसारखे आहे, पण खोटे आहे. याला प्रिसिजन आहे, ॲक्युरसी नाही. लॅबमध्ये रोज सकाळी पेशंटच्या नमुन्याआधी माहीत असलेल्या किमतीचा नमुना मशीनला देतात आणि आकडा लेव्ही-जेनिंग्स तक्त्यावर मांडतात. कंट्रोलची सरासरी १०० आणि एक एसडी ४ असेल तर ९२ ते १०८ दोन एसडीच्या आत. १०९ आला तर सावध व्हायचे, ११३ आला तर त्या दिवशीचे रिपोर्ट थांबवायचे. आता मुलाला विचारा: ‘‘चार दिवस ओळीने १०५, १०६, १०५, १०७ आले. सगळे हद्दीत आहेत. काम चालू ठेवशील?’’ बहुतेक जण हो म्हणतात. वेस्टगार्डच्या नियमाप्रमाणे ओळीने चार आकडे एकाच बाजूला एक एसडीच्या पलीकडे, म्हणजे १०४च्या वर गेले, तर काटा सरकलेला आहे. थांबवायचे, कारण शोधायचे. ‘मशीनने सांगितलं’ म्हणून मान डोलावणाऱ्याला कालाम सुत्त वाचून काय उपयोग झाला, असे आमच्यातले एक ज्येष्ठ उपासक यावर म्हणाले.

कचऱ्याच्या पिशव्यांवर चार-पाच गुण हमखास असतात. २०१६च्या नियमांप्रमाणे सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात; सुई काढलेली सिरिंज आणि प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत; रक्ताने माखलेला कापूस पिवळीत; काच निळ्यात. सुईला टोपण परत लावायचे नाही. यात गुणांपलीकडचे काही आहे. लाल पिशवीत चुकून टाकलेली सुई जिच्या हाताला टोचते ती सफाईची बाई कोण असते, हे आपल्या वस्तीला सांगायची गरज नाही.

सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवायचे, जखम पिळायची नाही, लपवायचे नाही. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत आणि कसेही करून ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते. हिपॅटायटिस-बीची लस मात्र आधीच घ्यायची असते: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. ज्या आईने राखाडी नळीचा प्रश्न विचारला, तिच्या मुलीचे दुसरे वर्ष संपत आले होते आणि तिने एकही डोस घेतला नव्हता. पुढच्या सोमवारी दोघी मायलेकी पहिला डोस घेऊन आल्या.